निळ्या पडद्याचा फोटो

माझ्या मोबाईलमध्ये जागा कधीच शिल्लक नसते. मुलगा म्हणतो, "आई, तू फोन वापरत नाहीस, गोदाम चालवतेस." त्याचं काही खोटं नाही. शाळेच्या सहलीत चुकून निघालेले जमिनीचे फोटो, हललेले, डोळे मिटलेले, कोपऱ्यात कुणाचं तरी बोट आलेले, सगळे माझ्याकडे जसेच्या तसे पडून असतात. नवऱ्याचं म्हणणं, ही बाई फाटकी चप्पल टाकत नाही, फोटो कुठून टाकेल. मी हसते आणि विषय सोडून देते. पण 'डिलीट'वर ठेवलेलं बोट मी आजही मागं घेते, आणि ही सवय सतराव्या वर्षापासूनची आहे. घरात कुणाला मी हे कधी सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आमचं घर म्हणजे येरमाळ्यात हायवेला लागून असलेल्या अण्णांच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्या. पुढं दुकान, मध्ये एक पडदा, पडद्यामागं आम्ही. पहाटेपासून एसट्यांचे हॉर्न, कंडक्टरच्या आरोळ्या, चहाच्या गाड्यावरच्या स्टोव्हचा आवाज, आणि फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याकडून अधूनमधून दबका धडाका. तो ऐकला की माय म्हणायची, "आली बघा लग्नसराई." चैत्रातल्या यात्रेत आमच्या दुकानासमोर रांग लागायची. येडाईच्या दर्शनाला आलेली माणसं धुळीनं माखलेल्या पायांनी आत यायची आणि बर्फाच्या डोंगराचं चित्र काढलेल्या पडद्यापुढं ताठ उभी राहायची. आतल्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते, अण्णांनी स्वतः मोठे करून, स्वतः फ्रेम करून लावलेले. त्या फोटोंखाली बसून आम्ही जेवायचो. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. रविवारी वंदना झाली की माय धपाटे करायची आणि अण्णा जेवताजेवता बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून म्हणायचे, "डाव्या गालावर सावली जरा जास्तच राहिलीय." एवढ्या वर्षांत ती सावली त्यांनी काही बदलली नाही.

दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा मी नववीत होते. अण्णांना त्याची भीती वाटायची. कॅमेऱ्याचा एक एक स्क्रू त्यांना ठाऊक होता, पण माऊस हातात घेतला की हात थरथरायचा. त्यामुळं ते मशीन आपोआप माझ्याकडे आलं. अण्णांची एकच अट होती: सगळं समोर दिसलं पाहिजे. "जे दिसत न्हाय ते माझ्यासाठी न्हायच," असं ते म्हणायचे. म्हणून मी प्रत्येक लग्नाचं फोल्डर डेस्कटॉपवरच ठेवायची. बारावी होईपर्यंत तिथं मुंगी शिरायला जागा उरली नव्हती.

माझं मुख्य काम होतं खराब काढायचं. लग्नाहून आल्यावर कार्डातले फोटो मशीनमध्ये उतरवायचे, कार्ड पुसून पुढच्या लग्नाला मोकळं करायचं आणि मग एकेक फोटो बघत खराब ते काढून टाकायचे. खराब म्हणजे काय हे अण्णांनीच शिकवलं होतं. डोळे मिटलेले. हललेले. धूर आलेले. आणि गिऱ्हाइकाच्या घरचं नसलेलं माणूस असलेले. वाढपी, आचारी, बँडवाले. अल्बमचं पान त्यांच्यासाठी नसतं. मी हे काम फार झपाट्यानं करायची आणि मला त्याचा गर्वही होता. खट्, खट्, खट्. टाकलेले फोटो पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात जायचे. कधी आठवण झाली तर मी तो डबा रिकामा करायची, नाहीतर तसाच राहू द्यायची.

आणि मग एका दुपारी लाईट गेली, आली, आणि येताना अशी आली की दुकानातली नेहमी मिणमिणणारी ट्यूबलाईट डोळे दिपतील अशी पांढरीफटक पेटली. मशीनमधून जळक्या रबराचा वास आला. आतला बोर्ड गेला. हार्डडिस्क मात्र वाचली असावी, असं जावेदभाईंनी फोनवर सांगितलं. जावेदभाई म्हणजे कळंबचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. आमच्या सगळ्या पंचक्रोशीत मशीन बिघडलं की माणसं देवीच्या आधी त्यांचं नाव घ्यायची. ते म्हणाले, नवा सीपीयूचा डबा घ्या, जुनी डिस्क त्यात बसवा, सगळं होतं तसं दिसंल. अण्णा म्हणाले, बघू, घाई नाही.

घाई तिसऱ्या दिवशी आली. सकाळी दुकानाच्या पायरीवर रंजना उभी होती, माझ्या वर्गातली, माझ्याच बाकावर बसणारी, आणि तिच्यामागं तिचे मामा. रंजनाची आई, शेवंतामावशी, चार दिवसांपूर्वी गेली होती. खुरपायला गेली, बांधावर बसली ती उठलीच नाही. मी मातीला जाऊन आले होते, पण तिथं रंजनाशी बोलणं झालं नव्हतं. आता ती माझ्याकडे न बघता अण्णांकडे बघत होती. मामांनी खिशातून मतदान कार्ड काढलं. त्यावरच्या फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसता काळा ठिपका होता, वर पदराची रेघ.

"अण्णा, तेराव्याला फोटो पायजे," मामा म्हणाले. "ह्याच्यातनं मोठा हुतो का बघा. आमच्या बहिणीचा दुसरा फोटोच न्हाय कुठं."

आमच्या भागातल्या स्टुडिओचं निम्मं काम हेच असतं. माणूस गेलं की घरचे लग्नातला, बारशातला एखादा घोळक्याचा फोटो घेऊन येतात, त्यातलं तोंड कापून मोठं करायचं, मागं निळा रंग भरायचा, आणि तेराव्याला हार घालून पाटावर ठेवायचा. पण शेवंतामावशी कुठल्याच घोळक्यात नव्हती. रंजना दोन वर्षांची असताना तिचा नवरा गेला. त्यानंतर तिनं प्रत्येक लग्नात भाकरी थापल्या, पण मांडवात पाऊल घातलं नाही. विधवा बाईनं नवरानवरीजवळ उभं राहू नये, फोटोत तर नाहीच. कुणी तिला हाकलत नसे. तीच चुलीकडे जायची, आणि सगळ्यांना ते सोयीचं व्हायचं.

अण्णांनी कार्ड उन्हात धरून बघितलं आणि परत दिलं. "ह्याच्यात काय उरलं न्हाय," ते म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पर मी काढलाय की तिचा! देशमुखाच्या लग्नात, हळदीच्या दिवशी. भाकरी थापत हुती. मी म्हनलं, मावशी, नाकाला पीठ लागलंय. तर अशी हसली! तवाच काढला. मशीनमदी हाय. सुजा, हाय ना?"

मी म्हणाले, "हाय."

त्या क्षणी मला तो फोटो लख्ख आठवला, कारण मीच तो टाकला होता. चुलीचा धूर, अर्धा पदर, आणि देशमुखाच्या घरची नसलेली बाई. एकाच फोटोत दोन कारणं. खट्. रंजनानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे सुजलेले होते आणि त्यात इतका भरवसा होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन काळज्या राहायला आल्या. अण्णांची काळजी होती की डिस्क चालू होईल की नाही. माझी काळजी होती की चालू झाली तर. पडद्यावरचा कचऱ्याचा डबा मी शेवटचा कधी रिकामा केला हे मला काही केल्या आठवेना. देशमुखाच्या लग्नाआधी की नंतर? भाकरीचा घास तोंडात घोळत राहायचा. माय म्हणायची, "मैतरणीची आई गेली, पोरीला लागलंय," आणि माझ्या ताटात आणखी एक चमचा तेल-चटणी वाढायची. तिच्या मायेनं मला जास्तच मेल्यासारखं व्हायचं.

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी बार्शीहून नवा सीपीयूचा डबा आणला. एसटीत मांडीवर घेऊन, लेकरासारखा. त्या आठवड्यात लाईट दुपारी दोनला यायची आणि सहाला जायची, म्हणजे जे करायचं ते त्या चार तासांत. मी जुन्या मशीनमधून डिस्क काढली, नव्यात बसवली, दोन्ही वायरी लावल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, अक्षरं आली, विंडोजचं चिन्ह आलं, खाली ते हिरवे चौकोन सरकायला लागले. अण्णा म्हणाले, "झालं!" तेवढ्यात पडदा एकदम निळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं चमकली आणि वाचायच्या आत सगळं काळं. मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अक्षरं, चिन्ह, चौकोन, निळं, काळं. पुन्हा तेच. घाण्याच्या बैलासारखं ते गोल फिरत राहिलं.

मला जे जे येत होतं ते सगळं मी केलं. वायर काढून पुन्हा लावली. शेजारच्या खाचेत लावून बघितली. मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरनं घासले, कारण जावेदभाई तसं करताना मी पाहिलं होतं. डिस्क कानाला लावून ऐकली. आत काहीतरी फिरत होतं, म्हणजे जीव होता. प्रत्येक वेळी बटण दाबताना मला वाटायचं, चालू हो. आणि चौकोन सरकायला लागले की वाटायचं, नको होऊस. निळा पडदा आला की अण्णा कपाळाला हात लावायचे आणि मला मनातून सुटल्यासारखं व्हायचं, आणि त्या सुटण्याची इतकी लाज वाटायची की मी मुद्दाम मोठ्यानं च्च् करायची. सहा वाजता लाईट गेली. रंजना रोज संध्याकाळी पायरीपर्यंत यायची. आत यायची नाही. सुतकात होती म्हणून, की उत्तर ऐकायची भीती वाटायची म्हणून, मला माहीत नाही. "झालं का गं?" एवढंच विचारायची. मी म्हणायची, "उद्या हुईल."

तीन उद्या असे गेले. मशीन नाहीच उठलं तर मग काय करायचं असं मायनं विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "मग कोऱ्या फ्रेमीला हार घालतील." बार्शीच्या लॅबमध्ये प्रिंट काढायला एक दिवस, फ्रेमीला एक दिवस. हाताशी त्याहून एकच दिवस जास्त उरला होता, तेव्हा जावेदभाई आठवडी बाजाराच्या निमित्तानं स्वतः आले. काखेत सीड्यांची पिशवी, डोक्यावर टोपी, घामानं ओला शर्ट. त्यांनी एकदा निळा पडदा बघितला आणि चहाचा घोट घेतला.

"फिकर करू नका अण्णा. धा मिन्टाचं काम हाय. जुनी विंडोज नव्या बोर्डावर चालंना. ती उडवतो, नवीन टाकतो. पैल्या कप्प्यात विंडोज असती, दुसऱ्या कप्प्यात तुमचा माल. दुसऱ्याला हात बी लावत न्हाय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आमचा माल डेस्कटॉपवर हाय."

"अरे बेटा!" जावेदभाईंनी कप खाली ठेवला. "डेस्कटॉप म्हंजे पैलाच कप्पा. बरं झालं सांगितलं. मग आसं करू, ह्या सीडीनं तेवढे फोल्डर उचलून पेनड्राईव्हवर घेतो, आन् बाकीचं सगळं साफ."

त्यांनी सीडी आत सरकवली. मी सुटले असं मला वाटलं. आणि मग 'बाकीचं सगळं' या शब्दांचा अर्थ माझ्या डोक्यात हळूहळू उतरला. बाकीच्यात कचऱ्याचा डबा होता. म्हणजे मी गप्प बसले तर फोल्डर वाचतील, फोल्डरमध्ये तो फोटो सापडणार नाही, अण्णा म्हणतील डिस्क बिघडली त्यात गेला असंल, आणि कुणाला कधीच कळणार नाही. इतकं सोपं होतं ते. मी आजवर अनेक गोष्टींना घाबरले आहे, पण त्या दुपारी मला जेवढी माझीच भीती वाटली तेवढी पुन्हा कशाची वाटली नाही. पायरीवर रंजनाच्या चपलांचा आवाज आला. एवढ्या लवकर ती कधी यायची नाही. जावेदभाई आलेत हे तिला बाजारात कळलं असणार.

"जावेदभाई, थांबा," मी म्हणाले.

"काय झालं?"

"तो फोटो फोल्डरमदी न्हाय. म्या काढून टाकला हुता. डब्यात असंल. असला तर."

जावेदभाईंचा हात कळफलकावरच राहिला. अण्णांनी विचारलं, "कवा?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी."

"का?"

"धूर हुता," मी म्हणाले. "आन् घरची नव्हती."

हे त्यांचंच वाक्य होतं. गिऱ्हाइकाच्या घरची नसलेली माणसं काढायची. माझ्या तोंडून ते ऐकताना त्यांनी डोळे बारीक केले, उन्हात निगेटिव्ह बघताना करायचे तसे. रागावतील म्हणून मी मान खाली घातली. ते जावेदभाईंकडे वळून म्हणाले, "टाकलेलं परत निघतं का?"

"डबा खाली केला नसंल तर निघतं. पर त्यासाठी हीच विंडोज उठली पायजे. नवीन टाकली की डबा बी गेला. ह्या सीडीनं तो कचरा मला गावायचा न्हाय, नावं बदलून लपवलेला असतो." त्यांनी डोकं खाजवलं. "निळ्या पडद्यावर रोगाचं नाव लिहिलेलं असतंय. ते वाचता आलं तर काय तरी करता यील. पर ते थांबतंय कुठं? माणूस वाचंस्तवर गायब."

अण्णा उठले आणि पडदा सारून आत गेले. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून गेले, असंच मला वाटलं, आणि मी रडायला लागले. दोन मिनिटांत ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात फोटो काढायचं तीन पायांचं तिकाटणं होतं आणि गळ्यात कॅमेरा.

"थांबत न्हाय तर थांबवू," ते म्हणाले. "आपला धंदा काय हाय?"

आता मला ठाऊक आहे की मशीन सुरू होताना एक कळ दाबली असती तर तो पडदा जागच्या जागी थांबला असता. मी शिकवते त्या शाळेतली पोरंसुद्धा ते सांगतील. पण त्या दुकानात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगते, ठाऊक नव्हतं ते बरं झालं असंच मला वाटतं. अण्णांनी तिकाटणं मशीनसमोर रोवलं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, काचेवर चमक येऊ नये म्हणून. "टीव्हीच्या काचेचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचं शटर सावकाश ठेवायचं, न्हायतर काळा पट्टा येतो," ते पुटपुटले, जावेदभाईंना की मला कुणास ठाऊक. माऊसवर थरथरणारा त्यांचा हात कॅमेऱ्यावर दगडासारखा स्थिर होता. "सुजा, बटन दाब. चौकोन किती येळा फिरले की निळं हुतं, मोज."

मी डोळे पुसले आणि बटण दाबलं. पहिल्यांदा काळा पट्टा आला. दुसऱ्यांदा अण्णांची कळ क्षणभर उशिरा पडली. तिसऱ्या वेळी मी मोठ्यानं मोजत होते, पायरीवरून रंजनाही माझ्याबरोबर मोजत होती, आणि चौथ्या फेरीला अण्णांनी कळ दाबली ती सोडलीच नाही. खटखटखटखट. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या काचेत बघितलं, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. आयुष्यभर त्यांनी असंच केलं होतं, घोळक्यातून एक तोंड शोधून मोठं केलं होतं. "घ्या," ते म्हणाले. निळ्यावर पांढरी अक्षरं, एकही न हललेलं.

जावेदभाई नाक काचेला लावून शून्यं मोजत गेले. "सात... बी. सात बी! या अल्ला, हे व्हय." ते हसायला लागले. "अण्णा, डिस्क धडधाकट हाय. नवा बोर्ड तिच्यासंगं नव्या बोलीत बोलतोय, हिला जुनीच बोली कळती. नवी सून घरात आली की सुरवातीला तिच्या माहेरच्या बोलीत बोलावं लागतं का न्हाय? तसं." त्यांनी मशीन सुरू होताहोता एक कळ दाबून धरली, करड्या रंगाचं एक पान उघडलं, त्यात खाली खाली जात एका ओळीवर थांबले, ती बदलली आणि म्हणाले, "आता दुवा करा."

चिन्ह आलं. चौकोन सरकायला लागले. एक फेरी, दोन, तीन, चार. पाचवी. सहावी. आणि पडद्यावर माय आली, विहारात पांढऱ्या लुगड्यात उभी असलेली, आमचा नेहमीचा फोटो, आणि तिच्या अंगावर खच्चून भरलेली लग्नांची फोल्डर. जावेदभाईंनी टाळी वाजवली. त्याच वेळी छताचा पंखा थांबला, ट्यूबलाईट गेली, आणि टेबलाखालची बॅटरी कुईं कुईं ओरडायला लागली. लाईट वेळेआधीच गेली होती. बॅटरी जुनी होती, चारपाच मिनिटं काढील न काढील, आणि मशीन उद्या पुन्हा उठेल याची खात्री नव्हती.

कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात कागद भरलेले दिसत होते. म्हणजे रिकामा नव्हता. पण त्यात काय होतं? मी उघडला. शेकडो माणसं. मिटलेले डोळे, हललेले हात, वाढपी, बँडवाले, पाण्याच्या टाकीवर बसलेली लेकरं, चेहरा फिरवलेल्या बायका. मी टाकलेलं सगळं गाव तिथं गर्दी करून बसलं होतं. कुईं कुईं. माझी नजर ठरेना. अण्णा माझ्या खांद्यामागून हळूच म्हणाले, "घाई करू नको. धूर बघ. तिला बघू नको, धूर बघ." मी धूर शोधत गेले आणि धुरात ती होती. मी तिला परत आणलं, पेनड्राईव्हवर घेतलं, पेनड्राईव्ह उपसला, आणि मशीन बंद करते न करते तोच बॅटरी गप्प झाली.

रंजना कधी आत आली कळलंच नाही. तिनं फोटो बघितला तो दुसऱ्या दिवशी, लाईट आल्यावर, बार्शीला पाठवायच्या आधी. शेवंतामावशी परातीपुढं बसलेली, एक हात पिठात, मान मागं टाकून हसतेय, पदर घसरलेला, आणि नाकाच्या शेंड्यावर पीठ. अण्णा सांगतील तसा मी धूर पुसून मागं निळा रंग भरला होता. "नाकावरचं पीठ बी काढू," ते म्हणाले. "एका मिन्टाचं काम हाय."

"राहू द्या," रंजना म्हणाली. तिनं काचेवर त्या पिठापाशी बोट टेकवलं आणि म्हणाली, "आई अशी हसायची, व्हय?" तिच्या मामांनी अण्णांना हात जोडले. म्हणाले, एवढ्या दिवसांचा फोटो तुम्ही सांभाळून ठेवला. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी अण्णा बोलले. "हिनं जपून ठेवला हुता," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. रंजनानं मला मिठी मारली. तिला पायरीवरून किती ऐकू आलं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

अण्णा मला त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त त्यानंतर हळदीच्या दिवशी ते आधी चुलीकडे जायचे आणि तिथल्या बायकांचा एकेक फोटो काढूनच मांडवात शिरायचे. गिऱ्हाइकं हसायची. ते फोटो अल्बममध्ये जायचे नाहीत, पण डेस्कटॉपवर एक वेगळं फोल्डर झालं, आणि अण्णा गेले तोवर त्यातून किती घरी तेराव्याचे फोटो गेले त्याची गणती नाही.

मागच्या दिवाळीत मी रंजनाकडे गेले होते. तिचं सासर कळंबजवळ आहे, दोन मुलगे, चांगलं घर. स्वयंपाकघराच्या दारावरच तो फोटो आहे, निळा आता फिका झालाय, नाकावरचं पीठ मात्र तसंच. ती भाकरी थापत होती, मी शेजारी पाटावर बसले होते, आणि इतक्या वर्षांनी मी सांगून टाकलं. जपून ठेवला नव्हता गं. मी टाकला होता. कचऱ्यातून काढला. सांगताना माझा आवाज सतरा वर्षांच्या पोरीसारखा झाला.

तिचे हात थांबले नाहीत. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, पाण्याचा हात फिरवला. "त्या दिवशी पायरीवर हुते की मी," ती म्हणाली. "समदं ऐकलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? टाकलं म्हंजे तू एकटीनंच टाकलं का, सुजा? मांडवात तरी तिला कुणी कुठं बसवलं हुतं? तुझ्या डब्यात निदान ती हसत तरी हुती." तिनं फुगलेली भाकरी उचलून माझ्या ताटात टाकली. "खा. गरम हाय तवर खा."